आधी पाणी, मग परवानगी

पुणे महानगर प्रदेशातील नागरिक, ग्रामसभा आणि सोसायट्यांसाठी पत्रक

जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलियन बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली. रुग्ण कुठले? नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी आणि आसपासचे. धायरी 2017 मध्ये पुणे महापालिकेत आली, नांदेड आणि किरकटवाडी 2021 मध्ये. दूषित पाण्याच्या संशयाने नांदेड गावच्या ज्या विहिरीकडे सगळ्यांचे लक्ष गेले, तिच्या पाण्यात क्लोरिन टाकले जात होते, पण ते कोणत्याही जलशुद्धीकरण केंद्रातून येत नव्हते. खडकवासला धरण इथून हाकेच्या अंतरावर आहे. धरणाचे पाणी याच गावांच्या शिवारातून पर्वतीच्या केंद्राकडे जाते, तिथे शुद्ध होते आणि जुन्या शहराच्या नळांना येते. धरणाच्या पायथ्याची माणसे मात्र विहिरीवर आणि टँकरवर.

साथ ओसरली तशी चर्चाही ओसरली. पण ही साथ केवळ आरोग्य खात्याचा विषय नव्हती. किरकटवाडीत इमारती उभ्या राहिल्या तेव्हा कुणीतरी नकाशे मंजूर केले होते, शिक्के मारले होते, विकसन शुल्क भरून घेतले होते. पाणी कुठून येणार आणि मैलापाणी कुठे जाणार, हे दोन प्रश्न त्या कागदांवर कुणी विचारले नाहीत, किंवा विचारले तरी उत्तर आल्याशिवाय शिक्का अडला नाही.

यावर प्रशासनाने शोधलेला तोडगा म्हणजे हमीपत्र. महापालिकेचे पाणी येईपर्यंत रहिवाशांना पाणी पुरवू, असे बांधकाम व्यावसायिक लिहून देतो आणि परवानगी मिळते. पुढे ताबा दिला जातो, सोसायटी स्थापन होते, व्यावसायिक दुसऱ्या प्रकल्पाकडे वळतो. हमीपत्र फायलीत राहते आणि टँकरचे बिल सोसायटीच्या माथी येते. वाघोलीला विचारा, बाणेर-बालेवाडीला विचारा.

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांची मिळून उपयुक्त साठवण क्षमता 29.15 टीएमसी आहे. त्यात शहर आहे, आणि कालव्याच्या शेवटापर्यंत हवेली, दौंड, इंदापूरची शेतीही आहे. पुण्याने आपले सांडपाणी शुद्ध करून त्यातले साडेसहा टीएमसी मुंढव्याच्या जॅकवेलमधून शेतीसाठी द्यायचे, असे ठरले होते. शुद्धीकरणाचे घोडे वर्षानुवर्षे अडले. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून 11 मैलापाणी केंद्रे उभारायचे ठरले, तो करार 2016 चा, आणि तो प्रकल्प किती रेंगाळला हे मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांना नाकाला रुमाल लावूनच कळत आले आहे. म्हणजे दौंडच्या शेतकऱ्याने धरणातले पाणी शहराला सोडायचे आणि बदल्यात शहराची घाण घ्यायची. प्रादेशिक नियोजन हा शब्द कोरडा वाटतो, पण त्याचा मुद्दा एवढाच आहे: धरण, शहर आणि कालव्याचे शेवटचे टोक यांचा हिशेब एका कागदावर मांडणे.

तो एक कागद आज अस्तित्वातच नाही.

हिंजवडी बघा. राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान एमआयडीसीचे. भोवतालची वस्ती हिंजवडी, माण, मारुंजी या ग्रामपंचायतींची. बांधकाम परवानगी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, म्हणजे पीएमआरडीएची. शेजारची हद्द पिंपरी-चिंचवड महापालिकेची. माण ते शिवाजीनगर या 23.3 किलोमीटरच्या मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाले, आणि पुढची अनेक वर्षे तिच्या खांबांखालची कोंडीच लोकांच्या वाट्याला आली. 2025 च्या पावसाळ्यात इथल्या रस्त्यांचे ओढे झाले, कारण मूळचे ओढे बुजवून, वळवून, पाइपात कोंबून त्यांवर रस्ते आणि इमारती झाल्या होत्या. मग उपमुख्यमंत्र्यांना भल्या पहाटे पाहणीला यावे लागले. एका नाल्यासाठी! इतक्या यंत्रणा असलेल्या गावात नाला मोकळा ठेवणे कुणाचे काम, हे ठरवायला मंत्रालय लागते.

डोंगरांचे तेच. जून 2013 मध्ये कात्रज बोगद्यापलीकडे शिंदेवाडीत डोंगर फोडून केलेल्या सपाटीकरणामुळे पाण्याचा लोंढा महामार्गावर आला आणि एक आई व तिची चिमुरडी वाहून गेली. ती जागा महापालिकेच्या हद्दीबाहेर होती. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याने शहरात हाहाकार उडवला, तो ओढाही कात्रजच्या डोंगरातूनच येतो. पाणी हद्द बघत नाही. महापालिकेत 1997 मध्ये आलेल्या गावांतल्या 978 हेक्टर टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचे आरक्षण आहे. त्याला मंजुरी मिळायला 2015 उजाडले, आणि मोबदल्याचा वाद मिटत नसल्याने बहुतांश जमीन कागदावरच आरक्षित राहिली. टेकडी वाचवायची तर मालकाला वाजवी मोबदला द्यावा लागेल. हे न सांगता टेकडीप्रेम मिरवणे हा ढोंगीपणा आहे, मग तो नेत्यांचा असो की सकाळी फिरायला जाणाऱ्यांचा.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण 31 मार्च 2015 रोजी स्थापन झाले. त्याचा प्रारूप विकास आराखडा ऑगस्ट 2021 मध्ये आला. साठ हजारांहून अधिक हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि 2025 मध्ये सरकारने आराखडाच रद्द केला. दहा वर्षे, आणि हातात शून्य. या दहा वर्षांत बांधकामे मात्र एक दिवसही थांबली नाहीत.

न्यायालयात कोण गेले होते, हे लक्षात घ्यावे. गेले होते महानगर नियोजन समितीचेच काही सदस्य. राज्यघटनेच्या कलम 243 झेडई नुसार महानगर प्रदेशाचा आराखडा करण्याचे काम या समितीचे आहे. तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य नगरसेवक आणि पंचायतींचे अध्यक्ष यांनी आपल्यातून निवडून द्यायचे असतात. आराखडा करताना पाण्याचे वाटप आणि पर्यावरणाचे रक्षण यांचा विचार करावा, असे त्याच कलमात लिहिले आहे. पुण्यात समितीची निवडणूक नोव्हेंबर 2021 मध्ये झाली, म्हणजे प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यानंतर! मार्च 2022 मध्ये महापालिकांची मुदत संपली आणि साडेतीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार हाकला. घटनेने ज्यांना नियोजक नेमले ते बाहेर, आणि बदलीच्या प्रतीक्षेतले अधिकारी आत.

आधी पाणी, मग परवानगी अशी मागणी केली की विकासाला विरोध असल्याचा शिक्का बसतो. हा आरोप इथे टिकत नाही. अहमदाबादने 76 किलोमीटरचा सरदार पटेल रिंग रोड उभारताना बरीचशी जमीन नगररचना योजनांतून मिळवली: शेतकऱ्याची सगळी जमीन एकत्र करायची, रस्ते-बागांसाठी वाटा काढायचा आणि उरलेला नीट आकाराचा भूखंड त्यालाच परत द्यायचा. ही पद्धत गुजरातची मक्तेदारी नव्हे. ती मुंबई इलाख्याच्या 1915 च्या कायद्यातून आली, आणि पुण्यातल्या शिवाजीनगरची, म्हणजे जुन्या भांबुर्ड्याची, आखणीही तिच्यातूनच झाली. आजोबांनी जे केले ते नातवंडांना अवघड का जावे?

तेव्हा नवा आराखडा करताना रंगीत झोनच्या आधी नकाशावर ओढे, पूररेषा, डोंगरउतार आणि पाण्याचे स्रोत उमटले पाहिजेत. ज्या गावाला शुद्ध पाणी आणि मैलापाण्याची व्यवस्था नाही तिथे मोठ्या प्रकल्पांना परवानगी थांबली पाहिजे. हमीपत्रावर नव्हे, नळावर परवानगी. आणि आराखडा महानगर नियोजन समितीसमोर, उघड्या बैठकीत, मराठीत मांडला गेला पाहिजे.

येत्या ग्रामसभेत आणि सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत या तीन मागण्यांचा ठराव करा. त्याची एक प्रत पीएमआरडीएला द्या, एक आपल्या नगरसेवकाला किंवा सरपंचाला, आणि दोन्हींवर पोच घ्यायला विसरू नका.