कपाटांतील गाडी

पुष्कळ सुखवस्तु घरांतून हल्लीं एक देखावा दृष्टीस पडतो. बैठकीच्या खोलींत कांचेचें कपाट असतें आणि त्यांत चिनी मातीच्या बाहुल्या व स्पर्धांतून मिळालेले चषक यांच्या शेजारीं प्लॅस्टिकचे तुकडे जोडून केलेली एक झगझगीत शर्यतीची गाडी उभी असते. आल्यागेल्यास ती दाखविली जाते, "आमच्या चिरंजीवांनीं आठ दिवसांत केली," असें कौतुकानें सांगण्यांत येतें, आणि पाहुण्यांच्या एखाद्या लहान मुलानें तिला हात लावूं म्हटलें कीं घरांतील सारी मंडळी "हां, हां!" करून उठतात. ही गाडी मोडावी, आणि ज्यानें किंवा जिनें ती जोडली त्याच्याच हातून मोडली जावी, असें आमचें मत आहे. मत जरा कठोर वाटेल, म्हणून त्याचीं कारणें सांगणें प्राप्त आहे.

हे तुकडे मूळचे डेन्मार्क देशांतले. बिलुंड या गांवीं ओले किर्क क्रिस्टियानसेन नांवाचे एक सुतार होते. मंदीच्या दिवसांत, १९३२ सालीं, घरबांधणीचीं कामें मिळेनाशीं झालीं तेव्हां ते लांकडी खेळणीं करूं लागले. पुढें 'नीट खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांवरून त्यांनीं आपल्या मालास लेगो हें नांव दिलें. वर गोल उंचवटे व खालीं पोकळ नळ्या अशी जी वीट आज सर्वत्र दिसते तिचें पेटंट १९५८ सालचें आहे, आणि त्या सालची वीट आजच्या विटेवर अजूनहि घट्ट बसते. १९७७ पासून दांत्यांचीं चाकें, आंस, भोंकें असलेल्या पट्ट्या असे यांत्रिक तुकडे निघाले. त्यांसच पुढें टेक्निक हें नांव पडलें. या सगळ्यांत आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळीच आहे. हा तुकडा जोडला असतां घट्ट बसतो, आणि ओढला असतां मुलाच्या हातानेंहि सुटतो. तो कधीं सुटूंच नये अशी इच्छा असती तर सुताराच्या घरीं सरसाची कांहीं वाण नव्हती!

आतां कपाटांतल्या गाडीकडे वळूं. २०१८ सालीं बुगाटी शिरॉन या फ्रेंच गाडीची प्रतिकृति ३५९९ तुकड्यांच्या पेटींत विक्रीस आली. तिला आठ गतींची गिअरपेटी आहे, सोळा नळकांड्यांचें इंजिन आहे, आणि त्यांतील दट्टे वरखालीं होतांना दिसतात. परंतु ही गाडी स्वतः चालत नाहीं. ती हातानें ढकलावी लागते. मग चाकें फिरतात, आणि चाकांमुळें दट्टे हलतात. खऱ्या गाडींत दट्टे चाकांस फिरवितात, येथें चाकें दट्ट्यांस फिरवितात. पुस्तिकेंतील चित्रें पाहून क्रमाक्रमानें ती जोडणाऱ्या मुलाच्या हें उलटें नातें लक्षांत येतेंच असें नाहीं. चित्रांत तुकडा जेथें दाखविला तेथें त्यानें बसविला. तो तेथें कां बसला हें त्याला कोणी विचारलें नाहीं.

यावर कोणी म्हणेल कीं पुस्तिकेबरहुकूम काम करणें हीहि एक शिस्तच आहे. अगदीं मान्य. कित्ता गिरविल्यावांचून अक्षर वळणदार होत नाहीं. चिकाटी, व्यवस्थितपणा, चूक झाली तर दहा पानें मागें जाण्याची तयारी, हें सर्व त्यांत येतें. परंतु कित्ता गिरवून झाल्यावर तो चौकटींत बसवून भिंतीवर टांगणारा बाप आम्हीं पाहिलेला नाहीं. मुलानें पुढें स्वतःचें पत्र लिहावें एवढ्यासाठींच तो असतो.

तें पत्र लिहावयाचें तर हीच गाडी दुरून रिमोटनें चालवावयाची असें मनांत आणावें. एक मोटर मागच्या चाकांना, दुसरी पुढचीं चाकें वळविण्यास. या संचांतली मोठी मोटर, जीस एक्स-एल म्हणतात, ती मोकळी फिरत असतां मिनिटांत सुमारें २२० फेरे करते. ६२ मिलिमीटर व्यासाचें चाक तिला थेट जोडलें तर एका फेऱ्यांत गाडी सुमारें साडेएकोणीस सेंटिमीटर पुढें जाते. विद्यार्थ्यांनीं गुणाकार करून पाहावा: मिनिटाला ४३ मीटर, म्हणजे तासाला अडीच किलोमीटरांहून किंचित् अधिक. ही झाली शर्यतीची गाडी! बाजारांतून भाजी घेऊन परतणाऱ्या आजीबाई तिला सहज मागें टाकतील.

मुलगा म्हणतो, मग वेग वाढवूं. मोटरीच्या आंसावर २४ दांत्यांचें चाक आणि गाडीच्या आंसावर ८ दांत्यांचें चाक बसविलें कीं वेग तिप्पट. कागदावर उत्तर बरोबर येतें. जमिनीवर ठेवलेली जड गाडी मात्र जागची हलत नाहीं. मोटर नुसती कण्हते. वेग तिप्पट झाला तेव्हां चाक फिरविणारा जोर तिसऱ्या हिश्शावर आला, आणि त्यांतूनहि घर्षणानें आपला वांटा काढून घेतला. येथें खरा अभ्यास सुरू होतो. वजन कमी करावें काय? तर मग ते दिमाखदार दरवाजे व मागचें पंख यांवर पाणी सोडावें लागेल. ती आठ गतींची गिअरपेटी ठेवावी काय? तींतल्या इतक्या चाकांचें घर्षण बरीचशी शक्ति वाटेंतच खातें. आंस कोठें वांकतो आहे काय, त्यास दोन्ही बाजूंनीं आधार आहे काय? तिप्पट वेगाचा लोभ सोडून २० व १२ दांत्यांची जोडी घेतली तर? यंत्रांचा हा धडा आम्ही शिक्षक फळ्यावर वर्षानुवर्षें शिकवितों आणि मुलें सूत्र पाठहि करतात. परंतु दांते निसटून कटकट आवाज होऊं लागला म्हणजे तो धडा कानांतून आंत जातो.

दुसरी अडचण वळणावर येते. वळतांना बाहेरच्या चाकास आंतल्या चाकापेक्षां जास्त वाट चालावी लागते. आपल्या बैलगाडीस याचें कांहींच वाटत नाहीं, कारण तिचीं दोन्ही चाकें आंसावर आपापलीं स्वतंत्र फिरतात आणि ओढण्याचें काम बैल करतात. मोटारगाडींत आंसानेंच चाकें फिरवावयाचीं. दोन्ही चाकें एका सरळ आंसांत अडकवलीं तर एक चाक फरफटत जातें. यावर उपाय म्हणून डिफरन्शियल लागतें: एका पोकळ घरांत तिरकस दांत्यांचीं तीन लहान चाकें. तें बसविलें म्हणजे गाडी सुरेख वळते, पण एक मागचें चाक पायपुसण्यावर चढून दुसरें अधांतरीं झालें कीं अधांतरींचेंच गरगर फिरत राहतें आणि गाडी उभी. असा हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे. फुकट कांहींच मिळत नाहीं.

शक्तीचा हिशेब किती कडक असतो याचें एक मोठें उदाहरण आहे. त्याच २०१८ सालीं लेगो कंपनीनें दहा लाखांहून अधिक तुकडे वापरून खऱ्या आकाराची शिरॉन उभी केली. तिचें वजन सुमारें १५०० किलोग्रॅम, आणि तिला बसविलेल्या लहान मोटरी २३०४. इतक्या मोटरी मिळून शक्ति किती? अंदाजें ५.३ अश्वशक्ति, खऱ्या शिरॉनची १५००. भागाकार केला तर एका मोटरीच्या वांट्यास दोन वॉटहि येत नाहींत. तरीहि माणसें आंत बसवून ती गाडी तासाला वीस किलोमीटरांहून अधिक वेगानें धांवली. ज्यांनीं ती केली त्यांनीं दोन वॉटांची किंमत ओळखली होती.

त्याच कंपनीनें २०२४ सालीं दुरून चालणारी, ८३४ तुकड्यांची पोर्शे गाडीहि काढली. ती फोनावरून चालते, आणि फोनास एकदांचें कांहीं उपयुक्त काम मिळालें म्हणून आम्हांस बरेंच वाटलें. पूर्वीं हें काम अवरक्त किरणांच्या रिमोटनें होई. खोलींत तें चाले, परंतु भर उन्हांत अंगणांत गाडी नेली कीं ती ऐकेनाशी होई. मुलांनीं ही पोर्शेहि अवश्य जोडावी. पण तिचें दांत्यांचें प्रमाण कोणा दुसऱ्यानेंच ठरविलेलें आहे, म्हणून तीहि आमच्या लेखीं कित्ताच.

पालकांस पैशाची चिंता असते आणि ती रास्त आहे. या पेट्या महाग आहेत, व पुष्कळ घरांस त्या घेतां येणार नाहींत. परंतु आमच्या या योजनेंत मोठी पेटी मुळीं लागतच नाहीं. दोन मोटरी, त्यांची विजेरी, कांहीं दांत्यांचीं चाकें आणि शंभर-दोनशें पट्ट्या चार कुटुंबांनीं मिळून घेतल्या तर चार मुलांमुलींस वर्षभर पुरतील. ज्यांच्या घरीं कपाटांत गाडी आहेच त्यांनीं तर नवें कांहींच घेऊं नये. मोटरींपुरती भर घातली कीं झालें.

राहिली तुकडे हरवण्याची भीति. त्यासाठीं कांठ असलेलें मोठें ताट घ्यावें, त्यांत पांढरें फडकें अंथरावें, आणि गाडी सतरंजीवर कधींहि सोडूं नये. लहान तुकडे एका डब्यांत, दांत्यांचीं चाकें दुसऱ्या डब्यांत. पुस्तिका आईनें आपल्याजवळ ठेवावी. ती आहे तोंवर पाहुणे यावयाच्या आंत कपाटांतली गाडी पुन्हां जशीच्या तशी उभी करतां येते, फक्त आठ दिवस आधीं कळवावें लागेल.