उत्थापक, संवेशक आणि एक फळी

पंचकर्मगृह उभारताना आपण वैद्यमंडळी द्रोणीचे लाकूड, तैलाचा पाक, स्वेदनपेटी यांवर तासन्‌तास चर्चा करतो. पक्षाघाताचा रुग्ण चाकाच्या खुर्चीतून त्या द्रोणीवर जाणार कसा, हा प्रश्न मात्र ‘दोन माणसे धरतील’ एवढ्यावर मिटतो.

चरकाचार्यांनी तो इतक्या सहज मिटविलेला नाही. सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात संशोधनापूर्वी जमवावयाच्या परिचारकांत उत्थापक व संवेशक, म्हणजे रुग्णास उठविणारे व निजविणारे, यांची स्वतंत्र गणना आहे. तो अध्याय आम्ही परीक्षेपुरता पाठ केला, हे कबूल करणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच पंचकर्मगृहात उजवे अंग लुळे पडलेल्या एका आजोबांना अभ्यंगानंतर दोघांनी काखेत हात घालून उचलले. अंग तैलाने निसरडे. एकाची पकड सुटली. आजोबा पडले नाहीत, परंतु दुर्बल खांद्याला हिसका बसला आणि पुढे दीड महिना आम्ही त्या खांद्याचीच चिकित्सा करीत बसलो. सांधा सावरणारे स्नायूच शिथिल असताना काखेतून ओढणे हा सरळसरळ आमचा प्रमाद होता.

त्यानंतर आम्ही ट्रान्सफर बोर्ड आणला. ही साधारण अडीच फूट लांबीची गुळगुळीत फळी असते. खुर्ची बलवान बाजूने शय्येस भिडवून ब्रेक लावावेत, पायटे दूर करावेत, त्या बाजूचा हात काढावा. दोन्ही बैठकी शक्यतो समान उंचीवर असाव्यात. रुग्णास किंचित कलवून फळीचे एक टोक नितंबाखाली सरकवावे, दुसरे शय्येवर पक्के टेकवावे. मग रुग्ण चांगल्या हाताच्या जोरावर थोडा थोडा सरकतो. परिचारक कमरेच्या पट्ट्याला धरून केवळ सावरतो. रुग्णाची बोटे फळीच्या कडेखाली जाऊ देऊ नयेत. उघडी त्वचा फळीवर ओढली जाऊन सोलवटते, म्हणून वस्त्र हवेच. अभ्यंगानंतर तैल पूर्ण टिपून, कपडे घालूनच परत न्यावे. घाई येथेच नडते.

ज्याला बसता तोल सावरत नाही, त्याच्यासाठी ही फळी नव्हे. त्याला चादरीवरून, पुरेशा माणसांनीच हलवावे.

अडचण आहे ती आपल्या द्रोणीची. तिच्या उंच काठावर फळी सपाट बसत नाही. अशा रुग्णाचे अभ्यंग आम्ही सपाट शय्येवर करतो. द्रोणीचा आग्रह धरणाऱ्या व्यवसायबंधूंना हे रुचत नाही. आम्हांस मात्र काठापेक्षा खांदा महत्त्वाचा वाटतो.

औषधी दुकानदार बंधूंनाही एक विनंती. चाकाची खुर्ची, कमोडची खुर्ची आपण भाड्याने देताच. त्यांसोबत एक फळी ठेवावी आणि देताना घरच्यांना ती एकदा वापरून दाखवावी. खुर्चीचा हात निघणारा आहे ना, हेही तेव्हाच पाहावे. तो पक्का जोडलेला असेल, तर फळी घरी नेऊन उपयोग नाही.