विद्यार्थी आणि समाजमाध्यमे

जळगाव-धुळ्याचा विद्यार्थी समाजमाध्यमांच्या आहारी गेला, अशी तक्रार घरोघरी ऐकू येते. परंतु मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली, तेव्हा टिपणे, सूचना आणि मित्रांची सोबत त्याला व्हॉट्सॲपवरच मिळाली. गरजेतून जडलेली सवय नुसत्या उपदेशाने कशी सुटावी? मात्र ओळखीच्या माणसाने पाठविलेला मजकूर खराच वाटतो, यात मोठा धोका आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अशाच अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध माणसांचा जमावाने बळी घेतला. तेव्हा मोबाईल हिरावून घेण्यापेक्षा आलेला मजकूर पारखावयास शिकविणे, हेच शिक्षक-पालकांचे कर्तव्य होय.