हाल सातवाहन कोणाचा?

सातवाहन मूळचे कोण, या प्रश्नावर विद्वान शंभर वर्षांहून अधिक काळ वाद घालीत आले आहेत, आणि त्यात वावगे काहीच नाही. अडचण होते ती या प्रश्नाला 'सातवाहन कोणाचे?' असे रूप येते तेव्हा. पहिला प्रश्न पुराव्याला विचारायचा असतो. दुसऱ्याचे उत्तर विचारणाऱ्याने बहुधा आधीच ठरवलेले असते. २०१७ साली आलेल्या एका तेलुगू चित्रपटाने गौतमीपुत्र सातकर्णीला तेलुगू जनांचा महापुरुष म्हणून पडद्यावर आणले. आपल्याकडे तोच राजा शालिवाहनाच्या दंतकथेत मिसळून गुढीपाडव्याला मराठी पराक्रमाचा नायक होतो. दोन्हीकडचा अभिमान प्रामाणिक आहे. परंतु हा वाद 'गाथासप्तशती'च्या रूपाने साहित्याच्या वर्गात शिरतो, म्हणून त्याची दखल घेणे भाग आहे.

प्रथम पुराव्याचे पाहू. पुराणे या राजांना 'आंध्र' अथवा 'आंध्रभृत्य' म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या शिलालेखांत मात्र हा शब्द एकदाही येत नाही. तेथे येते ते 'सातवाहन' हे कुलनाम. कुळाचे सर्वांत जुने लेख नाशिकला आणि जुन्नरजवळच्या नाणेघाटात आहेत. गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेण्यात आपल्या मुलाची जी प्रशस्ती कोरविली, तीत अश्मक, मूलक, अपरांत, विदर्भ असे अनेक प्रदेश मोजले आहेत. आंध्र त्यांत नाही. एवढ्यावर मराठी वाचक समाधानाने मान डोलावील. पण तेलंगणात गोदावरीकाठी कोटिलिंगाल येथे 'चिमुक' सातवाहनाची नाणी मिळाली आहेत, आणि हा चिमुक म्हणजे कुळाचा संस्थापक सिमुक असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे एक दार बंद करावे तर दुसरे उघडते.

या संदर्भात दोन मराठी पंडितांचे स्मरण होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे पुढे विख्यात झालेल्या वि. सी. सुकथनकरांनी सातवाहनांचे मूळस्थान बेळ्ळारीच्या परिसरात शोधले. वा. वि. मिराशींनी ते विदर्भात मानले. दोघांचीही मते पुढे सर्वमान्य झाली नाहीत. तरीही त्यांचा वाद वाचताना उमज पडते, कारण तो 'आहार' या प्रशासकीय विभागाच्या नावावर, नाण्यांच्या सापडण्यावर, लेखांतल्या अक्षरांवर चालला होता. पैठणवर हक्क सांगण्याची घाई त्यांपैकी कोणालाच नव्हती.

आता खुद्द या राजांना आपली ओळख कशी सांगावीशी वाटली ते पाहावे. गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र अशी ते आपली ओळख आईच्या गोत्रनामावरून देतात. नाशिकची प्रशस्ती गौतमीपुत्राला 'एकबम्हण' म्हणते, आणि या एका शब्दावरून त्याच्या जातीचा वेगळा वाद आजवर चालू आहे. पुराणे कुळाच्या संस्थापकाला 'वृषल' म्हणतात. मराठी लोककथा शालिवाहनाला पैठणच्या कुंभाराच्या घरी वाढवते. ज्याला जे हवे ते येथे सापडते. त्याच प्रशस्तीत या राजाने चातुर्वर्ण्याचा संकर थांबविला, असेही अभिमानाने नोंदविले आहे. आणि पुढे काय झाले? कान्हेरीचा एक लेख सांगतो की वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातली, एका महाक्षत्रपाची मुलगी होती. म्हणजे ज्या शकांशी हे कूळ लढले, त्यांचीच लेक त्याच्या घरात सून म्हणून आली. इ.स. १५० च्या जुनागढ लेखात रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथपती सातकर्णीला दोनदा हरवूनही आपण जवळच्या नात्यामुळे सोडून दिले. अशा घराण्याच्या 'शुद्ध' वंशाचा शोध घेणाऱ्याने आधी या सुनेची सोय लावावी.

मग भाषेचे काय? सातवाहनांचे लेख प्राकृतात आहेत, सबब ते मराठी, हा युक्तिवाद आपण फार सहज करतो. परंतु आंध्रातल्या अमरावतीचे लेखही प्राकृतातच आहेत. उत्तर सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत, तर दुसऱ्या बाजूला एक द्राविडी भाषा आहे. ती तमिळ की जुनी तेलुगू, याबद्दल तज्ज्ञांत मतभेद आहेत. महाराष्ट्री प्राकृत ही तर पुढे सगळ्या भारताची काव्यभाषा झाली. वाक्पतिराजाने आठव्या शतकात कनौजच्या यशोवर्म्यावर 'गउडवहो' लिहिले ते याच भाषेत, आणि त्याला कोणी मराठी म्हणत नाही. भाषेवरून वंश काढता येत नाही, हे आपण वाक्पतिराजाबाबत मान्य करतो आणि हालाबाबत विसरतो.

शिवाय सप्तशती हे एका माणसाचे काव्यही नव्हे. हाल हा संग्राहक. वेबरने हस्तलिखिते ताडून पाहिली, तेव्हा सर्व पाठपरंपरांत समान अशा गाथा सुमारे ४३० च भरल्या. उरलेल्या गाथा कोणी, कुठे, केव्हा घातल्या हे संग्राहकाच्या जन्मगावावरून कसे कळणार? आनंदवर्धनाने ध्वनीचे उदाहरण म्हणून घेतलेल्या प्रसिद्ध गाथेत, वाटसरूला रात्रीची निजण्याची जागा दाखविणारी तरुणी सासूला 'अत्ता' म्हणते. तेलुगूत सासूला आजही 'अत्त' म्हणतात. मराठीत त्याला जवळची 'आत्या' आहे. सप्तशतीतले 'पोट्ट' मराठीत 'पोट' म्हणून आणि तेलुगूत 'पोट्ट' म्हणून नांदते. हे शब्द कोणत्या एका भाषेच्या मालकीचे ठरविणार?

तेलुगूला २००८ मध्ये आणि मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. मराठीच्या मागणीत नाणेघाटाचा लेख आणि सप्तशती यांचा आधार घेतला गेला, आणि भाषेची वंशावळ म्हणून तो योग्यच होता. परंतु भाषेची वंशावळ वेगळी आणि राजाची वेगळी. उद्या हाल कोटिलिंगालचा ठरला तर मराठीचे काही जात नाही. तो पैठणचाच ठरला तर तेलुगूची 'अत्त' परकी होत नाही. आपल्या वर्गात मात्र 'मराठी राजाने संकलित केलेला मराठीचा आद्य ग्रंथ' हे वाक्य परीक्षेपुरते पाठ होते आणि गाथा वाचायच्या राहून जातात. त्यापेक्षा ती एक गाथा फळ्यावर लिहावी आणि विद्यार्थ्यांना विचारावे, यातला कोणता शब्द तुमच्या घरात अजून जिवंत आहे. सोलापूर-नांदेडकडच्या वर्गात तेलुगू बोलणारी मुले असतील, तर बहुधा तीच आधी हात वर करतील.