लूत हे रोगाचं नाव नाही

कारंज्याकडून मंगरुळपीरकडे निघालं, की एखाद्या फाट्यावर चहाच्या टपरीमागे ते कुत्रं दिसतं. पाठीला काळंभोर तेल चोपडलेलं, त्यावर धुळीचा थर, आणि चार पावलं चाललं की खाली बसून मागच्या पायानं कान ओरबाडणं. हे तेल कुणी त्याला छळायला लावलेलं नसतं. कुणीतरी गॅरेजवरून डबा मागून आणलेला असतो, स्वतःचे हात काळे करून घेतलेले असतात. "जयकं आइल चोपड ना त्याले, आठ दिवसांत साफ होते," हा सल्ला वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत फुकट मिळतो, आणि देणारा बहुधा कुत्र्यावर जीव असलेलाच माणूस असतो.

माझा वाद त्याच माणसाशी आहे. दगड मारणाऱ्याशी भांडायची जागा वेगळी. ज्यानं तेच ऑइल तीनदा लावलं, तेच इंजेक्शन चारदा टोचून आणलं आणि शेवटी "लूत काही जात नाही" म्हणून हात टेकले, त्याला मला सांगायचं आहे, की ती गेली नाही हे खरं, पण ती परत आली हे खोटं. ती तिथंच होती.

मुळात 'लूत' हा शब्दच आपल्याला फसवतो. केस गेले, कातडी जाड झाली, खपल्या धरल्या, वास सुटला, की आपण लूत म्हणतो. म्हणजे ते कुत्र्याच्या दिसण्याचं नाव झालं, रोगाचं नव्हे. त्या एका शब्दाखाली किमान अर्धा डझन निरनिराळी दुखणी कोंबलेली आहेत. त्यातल्या दोघांचीच गोष्ट सांगतो.

एक आहे सारकॉप्टिस नावाची माइट, डोळ्यांना न दिसणारा आठ पायांचा जीव. तिची मादी कातडीत बोगदे खणते आणि त्यात अंडी घालते. अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. खाज अशी, की कुत्रं रात्रभर झोपत नाही. सुरुवात कानाच्या कडा, कोपरं आणि पोटाकडून होते. ती दुसऱ्या कुत्र्याला लागते, त्याला कुशीत घेणाऱ्या पोराच्या हातावर आणि कमरेलाही पुरळ उठवते. दुसरी माइट डेमोडेक्स. ती केसाच्या मुळाशी, सिगारसारखं लांबट अंग घेऊन राहते, आणि जवळजवळ प्रत्येक निरोगी कुत्र्याच्या अंगावर थोडीफार असतेच. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत पिल्लू आईला लुचतं तेव्हाच ती त्याच्याकडे येते. माणसाला तिच्यापासून काही होत नाही. कुत्र्याची प्रतिकारशक्ती ढासळली, की मात्र तीच माइट हजारोंनी वाढते आणि डोळ्यांभोवतीचे, तोंडाचे, पायांचे केस जायला लागतात. सुरुवातीला खाजही फारशी नसते.

म्हणजे एकीत पोरांना लांब ठेवायचं, घरातल्या सगळ्या कुत्र्यांना औषध द्यायचं. दुसरीत त्याची गरजच नाही. एकीचा उपचार काही आठवड्यांचा, दुसरीचा काही महिन्यांचा. आपण दोघींनाही लूत म्हणतो आणि एकाच डब्यातलं तेल लावतो.

आता ऑइलवाल्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा घेऊ, कारण तो टाळून पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते म्हणतात, "आमच्या डोळ्यांनी पाहिलंय. ऑइल लावलं आणि केस आले." मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो. त्यांनी पाहिलं ते खरंच होतं. पिल्लांना डेमोडेक्सचे एकदोन चट्टे पडतात, तेव्हा दहातली जवळपास नऊ पिल्लं कुठल्याही औषधाशिवाय महिन्या-दोन महिन्यांत आपोआप बरी होतात. त्या काळात तुम्ही ऑइल लावा, अंगारा लावा की काहीच लावू नका, केस येणारच. श्रेय मात्र ज्यानं जे लावलं त्याला मिळतं. आणि जे पिल्लू बरं झालं नाही, अंगभर सडलं, ते गावाबाहेर हाकललं गेलं किंवा रस्त्यात मेलं. त्याचा दाखला कुणी देत नाही. अशा एकतर्फी हिशेबावर ऑइलची ख्याती उभी आहे.

त्या जळक्या ऑइलमध्ये इंजिनातून झिजलेल्या धातूंचे कण असतात, कर्करोगाला कारण होणारी जळकी संयुगं असतात. कुत्र्याची बाह्यत्वचा माणसापेक्षा पातळ. वैशाखाच्या उन्हात त्यावर काळं तेल तापतं आणि कातडी भाजते. शिवाय कुत्रं स्वतःला चाटतं. तुम्ही पाठीला लावलेलं ऑइल संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात गेलेलं असतं. आणि डेमोडेक्स केसाच्या मुळाशी खोल बसलेली असते, तिच्यापर्यंत हे वरचं चोपडणं पोचत नाही.

याहून भयंकर म्हणजे फवारणीचं औषध. सोयाबीन-कपाशीच्या जिल्ह्यात डबा घरातच असतो. "थोडंसं पाण्यात मिसळून" गोचिडांसाठी कुत्र्यावर मारतात. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. साठ-सत्तर किलोच्या माणसाला त्वचेतून आणि श्वासातून मारणारं ते विष बारा किलोच्या, अंग चाटणाऱ्या कुत्र्याला सोडेल, असं आपल्याला वाटतं तरी कसं? लाळ गळणं, अंग थरथरणं, झटके ही त्याची लक्षणं. तसं दिसलं तर एक मिनिटही न दवडता डॉक्टर गाठायचा.

गोडाच्या समजाचं खंडन थोडक्यात करतो. गूळ, बिस्किट, पेढा दिल्यानं लूत भरते हा समज घरोघरी आहे. माइट साखरेतून जन्मत नाही. काही कुत्र्यांना अन्नाची ॲलर्जी असते, पण ती कोंबडी, गोमांस, दूध, गहू अशा पदार्थांतल्या प्रथिनांची. ती ओळखायची तर कुत्र्यानं पूर्वी कधी न खाल्लेलं अन्न किमान आठ आठवडे द्यावं लागतं, मध्ये पोळीचा तुकडाही न देता. गोड बंद करून ती शंका फिटत नाही.

"रक्त बिघडलंय", "अंगात उष्णता आहे" हे मात्र थोडं थांबून ऐकण्यासारखं आहे, कारण एके काळी सारं जग हेच म्हणत होतं. १६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी यांनी भिंगाखाली खरजेचा कीटक पाहून त्याचं वर्णन लिहिलं. पंडितांनी ते मनावर घेतलं नाही. खरूज रक्तातल्या दोषामुळेच होते, असं पुढे जवळपास दीडशे वर्षं मानलं गेलं. १८३४ मध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्यानं पॅरिसच्या डॉक्टरांसमोर सुईच्या टोकानं रुग्णाच्या कातडीतून तो कीटक काढून दाखवला. ही युक्ती तो शिकला होता आपल्या मुलखातल्या खेडूत बायकांकडून. त्या टाचणीनं खरजेचे कीटक काढत असत. म्हणून खेड्याचं ते सगळं चूक, असं मी म्हणणार नाही. जो डोळ्यांनी पाहतो, सुईनं कोरून काढतो, त्याच्या बाजूचा मी आहे. तो गावातला असो की शहरातला.

आपल्या आज्यांचं गंधकही याच रांगेत बसतं. चुना आणि गंधकाचं योग्य प्रमाणातलं द्रावण आठवड्यातून एकदा, काही आठवडे अंगावर ओतणं हा सारकॉप्टिसवरचा शास्त्रमान्य उपचार आहे. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी जखम धुवायला ठीक, पण केसाच्या मुळातल्या डेमोडेक्सला ते मारत नाही. माणसांचा साबण तर वापरूच नये. कुत्र्याच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा कमी, त्या साबणानं त्वचा कोरडी पडते आणि खाज वाढते.

आता इंजेक्शनवाले. ऑइलवर हसणारे शिकलेले लोक इथं अडकतात. एका प्रकारचं इंजेक्शन स्टेरॉइडचं. टोचलं की दोन दिवसांत खाज थांबते, घरात शांतता होते, आणि दोन-तीन आठवड्यांत सगळं पुन्हा सुरू. स्टेरॉइड खाजेला गप्प करतं, माइटला हात लावत नाही. ॲलर्जीत डॉक्टर ते विचारपूर्वक देतात आणि ते बरोबरच आहे. पण डेमोडेक्समध्ये त्यानं प्रतिकारशक्ती आणखी दबते, म्हणजे आधीच मोकाट सुटलेल्या माइटचा उरलासुरला लगामही निघतो. आमच्या कुत्रीला, चिमीला, वर्षभरात तीनदा असं टोचून आणलं होतं. दर वेळी मी समाधानानं घरी आलो. कशाचं इंजेक्शन, हे एकदाही विचारलं नाही.

दुसरं इंजेक्शन आयव्हरमेक्टिनचं. औषध थोर आहे; त्याच्या शोधासाठी २०१५ मध्ये ओमुरा आणि कॅम्पबेल यांना नोबेल मिळालं. पण आपल्याकडे जनावरांसाठीची बाटली असते. तिच्यातलं १ मिली हे ५० किलोच्या जनावराचं माप. ते डोळे झाकून १२ किलोच्या कुत्र्याला टोचलं, तर मात्रा चौपट होते. कोलीसारख्या काही जातींत तर एका जनुकातल्या दोषामुळे हे औषध मेंदूत शिरतं आणि जीव घेऊ शकतं. शिवाय अंडी त्यानं मरत नाहीत. म्हणून सारकॉप्टिसमध्येसुद्धा दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन-तीन मात्रा लागतात. एका टोचणीवर थांबलात, तर उरलेल्या अंड्यांतून तीन आठवड्यांत नवी पिढी तयार. डेमोडेक्सला ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली रोज तोंडावाटे, आठवडेच्या आठवडे द्यावं लागतं. २०१४ नंतर आलेल्या फ्लुरालानेरच्या गटातल्या गोळ्यांनी दोन्ही माइट, गोचीड आणि पिसवा या सगळ्यांचं काम सोपं केलं आहे. त्या महाग आहेत, झटके येणाऱ्या कुत्र्याला जपून द्याव्या लागतात, पण आहेत.

मग करायचं काय? सगळ्यात आधी नाव विचारायचं. ब्लेडला तेलाचा थेंब लावून, कातडी चिमटीत दाबून, किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडायचं, ते काचेवर घ्यायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. पाच-दहा मिनिटांचं काम. सारकॉप्टिस पुष्कळदा काचेवर सापडत नाही, तेव्हा लक्षणांवरून उपचार करावा लागतो. कानाची कड बोटांत चोळली आणि मागचा पाय खाजवायला आपोआप उठला, तर संशय बळकट होतो. डेमोडेक्स मात्र खरवडलं की बहुतेक वेळा सापडते. तिच्यावरचं औषध केस आले म्हणून थांबवायचं नसतं. महिन्याच्या अंतरानं लागोपाठ दोन वेळा काच रिकामी दिसली, तरच. 'परत आली' म्हणणाऱ्या बहुतेकांचा धागा इथंच तुटलेला असतो.

आणि मादी माजावर आली, की ही डेमोडेक्स पुन्हा डोकं वर काढते, तिची प्रवृत्ती पिल्लांतही उतरते. म्हणून नसबंदी हा त्वचेच्या उपचाराचाच भाग आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी गावातल्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थांची जबाबदारी केली. त्यासाठी कुत्रं हाती आलंच आहे, तर त्याची कातडीही तेव्हाच का पाहू नये?

गोचिडांबाबतही असाच गैरसमज आहे. "ढोरांच्या अंगावरून आली" म्हणतात, पण कुत्र्यावरची तपकिरी गोचीड बहुधा वेगळ्या जातीची असते. तिची मादी एका वेळी हजारो अंडी घालते, तीही कुत्र्यावर नव्हे, भिंतीच्या भेगांत आणि ओसरीच्या फटींत. तिथं ती महिनोन् महिने उपाशी राहू शकते. शंभर पिसवांतल्याही पंचाण्णव अंडी-अळी-कोशांच्या रूपात गोणपाटात, मातीत असतात. कुत्र्याच्या अंगावरच्या वेचून कुटल्यानं घर साफ होत नाही. फटी बुजवणं, गोणपाट उकळत्या पाण्यातून काढणं, आणि कुत्र्याला ठरल्या दिवशी औषध देणं, हे तिन्ही एकदम लागतं.

यावर शेवटचा आक्षेप येतो. माणसालाच दवाखाना परवडत नाही, कुत्र्याचं काय घेऊन बसलात? वर्षातून चारदा टोचलेल्या इंजेक्शनांचे पैसे, औषधाला जाण्यात बुडालेली मजुरी, पोरांच्या अंगावरच्या पुरळाची मलमं यांची बेरीज करा. काच आणि ब्लेड त्याहून स्वस्तच पडेल. तालुक्याच्या ज्या दवाखान्याला आपण ढोरांचा दवाखाना म्हणतो, तो कुत्र्यांचाही आहे; तिथं जाऊन "खरवडून पाहा" म्हणण्याचा हक्क आपला आहे. गुंतागुंतीच्या दुखण्यासाठी वाशीमपासून ऐंशीएक किलोमीटरवर अकोल्याला पशुवैद्यक विद्यापीठाची स्नातकोत्तर संस्था आहे. आणि हा नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावाचा, कारंज्याचा जिल्हा आहे. इथं घरोघरी दत्ताची तसबीर आहे आणि तिच्यात पायाशी चार कुत्री आहेत. त्या तसबिरीपुढे रोज हात जोडणाऱ्याला ओसरीवरच्या पाचव्यासाठी एक काच मागता येऊ नये, हे मला पटत नाही.

चिमीची काच पहिल्यांदा पाहिली तेव्हा डॉक्टरांनी मलाही डोळा लावायला सांगितला. लांबट, आखूड पायांचे जीव, कितीतरी, हळूहळू हलणारे. सहाव्या आठवड्यात तिच्या पाठीवर केस आले, आणि शेजारचे म्हणाले, झाली बरी, आता बंद करा औषध. काचेवर अजून तीन होते. औषध चालू ठेवलं. चौथ्या महिन्यात काच रिकामी आली, पाचव्यात पुन्हा रिकामी आली, आणि त्या दिवशी डॉक्टरांनी कागदावर औषधाच्या नावापुढे काट मारली.