गावाची टीम गावाचीच राहू द्या

उन्हाळा लागला, रानातली कामं आटोपली की आपल्या पुणतांब्यासारख्या गोदाकाठच्या गावांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. फक्कीने आखलेलं मैदान, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर दाटीवाटीने बसलेली पोरं, माइकवर घसा फोडणारा कॉमेंट्रीवाला, टेबलावर मांडलेले चषक. टीमला नाव गावाचं, वाडीचं, नाहीतर एखाद्या मंडळाचं. बॉलिंगला शेख, विकेटमागे जाधव, ओपनिंगला साळवे, आणि बॅट बहुतेक वेळा उसनी.

आता यात एक बदल शिरतो आहे. फ्लेक्सवर गावाच्या जागी समाजाचं नाव येऊ लागलं आहे. अमुक समाज चषक, तमुक समाज प्रीमियर लीग. खेळायचं फक्त त्या समाजाच्या मुलांनी. सुरू करणाऱ्यांच्या मनात सहसा वाईट काही नसतं. आपली मुलं एकत्र यावीत, ओळखी वाढाव्यात, एवढाच हेतू असतो. पण त्या दिवशी आपल्याच गावाचा, आपल्याच टीमचा बॉलर दोरीबाहेर उभा राहून मॅच बघतो. त्याला कुणी हाकललेलं नसतं. त्याला फक्त कुणी बोलावलेलं नसतं.

अजून सगळीकडे हे झालेलं नाही. म्हणूनच आत्ता बोललं पाहिजे.

दोन समाजांत अंतर पडलं की काय होतं, ते आपण पाहिलं आहे. १४ मे २०२३ च्या रात्री आपल्याच जिल्ह्यातल्या शेवगावात मिरवणुकीदरम्यान दगडफेक झाली. पुढच्याच महिन्यात, ७ जूनला, मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं. कोल्हापूर म्हणजे फुटबॉलचं गाव. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं तिथे फुटबॉल संघांची नावं आहेत. शाहू स्टेडियमवरची ईर्षा कधी कधी हाणामारीवर जाते, आणि तिचं कौतुक करायचं कारण नाही. पण ती पेठेची, तालमीची ईर्षा असते, धर्माची नसते. अनेक तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. अशा शहरात ७ जून घडू शकतो, तर कुठेही घडू शकतो. नुसतं मैदान असलं म्हणून दंगल टळत नाही, हे आपण मान्य करू.

मग एकत्र खेळण्याने काय मिळतं? रात्री अकराला फोनवर एखादा भडक व्हिडिओ येतो. तो खरा की खोटा, कुठला, कधीचा, काही कळत नाही. अशा वेळी समोरच्या गल्लीत ज्याला बिनधास्त फोन करता येईल असा एक जरी माणूस असेल, तर खूप फरक पडतो. ‘अरे, हे काय चाललंय तुमच्याकडे?’ एवढं विचारता आलं पाहिजे. असा माणूस शांतता समितीच्या बैठकीत एका संध्याकाळी मिळत नाही. तो चार उन्हाळे बरोबर खेळून मिळतो. कॅच सोडल्याबद्दल ज्याला आपण मनसोक्त शिव्या दिल्या, त्याच्याबद्दलची अफवा आपल्याला सहज पटत नाही.

धर्मावर टीम पाडण्याचा प्रयोग महाराष्ट्राने एकदा करून पाहिला आहे. मुंबईत १९०७ साली युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी क्रिकेट स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुस्लिम संघ आला, १९३७ साली ‘द रेस्ट’, म्हणजे उरलेल्या सगळ्यांचा. सामन्यांना तोबा गर्दी व्हायची, क्रिकेटही अव्वल दर्जाचं असायचं. हिंदू संघाचे आधारस्तंभ होते फिरकी गोलंदाज बाळू पालवणकर. पण ते चर्मकार समाजाचे. त्यांना कर्णधारपद कधीच दिलं गेलं नाही. त्यांचे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले ते १९२३ साली, बऱ्याच वादानंतर. धर्माच्या नावाने टीम काढली की तिच्या आत जातीची रेघ आपोआप उमटते. आज ‘आपल्या समाजाची’ टीम काढणाऱ्यांनी हे जरूर आठवावं, कारण उद्या त्या टीममध्ये पोटजात विचारली जाईल.

दुसरं उदाहरण विजय हजारेंचं. सांगलीत जन्मलेला हा ख्रिश्चन मराठी खेळाडू १९४३-४४ च्या पंचरंगी सामन्यात ‘द रेस्ट’कडून हिंदू संघाविरुद्ध खेळला आणि संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ त्याने एकट्याने काढल्या. त्याच्या चारच वर्षं आधी हेच हजारे महाराष्ट्राकडून रणजी खेळत होते आणि पुण्यात त्यांनी नाबाद ३१६ केल्या होत्या. कर्णधार होते दि. ब. देवधर, म्हणजे हिंदू संघातून नाव कमावलेले खेळाडू. १९३९-४० चा रणजी करंडक महाराष्ट्राने जिंकला. प्रांताच्या नावाने टीम काढली तर देवधर आणि हजारे एका ड्रेसिंग रूममध्ये, धर्माच्या नावाने काढली तर हजारे ‘उरलेल्यांत’. महाराष्ट्राला कोणती टीम शोभते, हे सांगायला लागू नये.

१९४० साली हिंदू जिमखान्याची मंडळी गांधीजींना वर्ध्याला भेटली. कॉलेजांचे, संस्थांचे सामने समजतात, पण हिंदू, मुस्लिम, पारशी असे संघ कशासाठी, असा गांधीजींचा रोख होता. तरी स्पर्धा बंद व्हायला १९४६ उजाडलं.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला तर धर्मावरच्या या विभागणीतून अजून पूर्ण सुटता आलेलं नाही. तिथे सेल्टिक हा कॅथलिकांचा फुटबॉल क्लब, रेंजर्स प्रॉटेस्टंटांचा. १९८९ साली रेंजर्सने मो जॉन्स्टन या कॅथलिक खेळाडूला घेतलं, तेव्हा त्यांच्याच काही समर्थकांनी क्लबचे स्कार्फ जाळले. १९९५ साली मॅच बघून घरी चाललेल्या, सेल्टिकच्या सोळा वर्षांच्या समर्थकाचा खून झाला. पुढे त्याच्या शाळेतल्या मैत्रिणीने या द्वेषाविरुद्ध मोहीम उभी केली. एका मुलीने सुरुवात केली, हे आपण लक्षात ठेवू.

आपल्याला तर दूर जायचीही गरज नाही. पुणतांब्याहून रेल्वेचा फाटा शिर्डीला जातो. साईसच्चरितात बाबा मोहिद्दीन तांबोळींशी कुस्ती खेळले आणि हरले, असा प्रसंग आहे. १८९७ साली सुरू झालेला शिर्डीचा उरूस पुढे रामनवमीच्या उत्सवाशी जोडला गेला, संदलची मिरवणूकही त्याच उत्सवात आली. आपल्या भागातल्या यात्रांमध्ये हलगी कडाडते, रेवडीवरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या मानाच्या कुस्तीपर्यंत जोड लागतात. पंच वजन बघून, तयारी बघून जोड लावतात. दुसरं काही बघायची वेळ आपण त्यांच्यावर आणू नये.

आपण काय करू शकतो? पुष्कळ काही. स्पर्धा भरवणाऱ्यांनी प्रवेशपत्रिकेत एक ओळ घालावी: टीम गावाच्या, वाडीच्या किंवा मंडळाच्या नावाने, आणि खेळाडू कुठल्याही समाजाचे. देणगीदारांनी, विशेषतः दरवर्षी चषक देणाऱ्या पुढाऱ्यांनी आणि पतसंस्थांनी, ही ओळ असेल तिथेच पैसे द्यावेत. समाजाच्या स्पर्धा जे भरवतात, त्यांच्याशी भांडायचं नाही. त्यांना विनंती करायची, की चषकाला तुमच्या महापुरुषाचं नाव जरूर द्या, पण मैदान सगळ्यांना खुलं ठेवा. महापुरुषाचा मान त्याने वाढेलच. कॉमेंट्रीवाल्याने माइकवरून धार्मिक घोषणा देऊ नयेत. टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विखारी मेसेज आला, तर अॅडमिनने तो काढावा आणि टाकणाऱ्याला फोन करावा. शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी मुलींच्या कबड्डी आणि खो-खोच्या टीम याच रीतीने बांधाव्यात. मुली एकमेकींच्या घरी जाऊ लागल्या की दोन्ही घरांच्या आया बोलू लागतात.

आणि ग्रामसभा. पुणतांब्याला ग्रामसभेची ताकद सांगायला नको. २०१७ साली याच गावात शेतकरी संपाचा ठराव झाला आणि १ जूनपासून शहरांकडे जाणारं दूध, भाजीपाला थांबला, सरकारला दखल घ्यावी लागली. तेव्हा शेजारी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याचा धर्म आपण विचारला नव्हता. तीच ग्रामसभा मैदानाबद्दलही ठराव करू शकते: गावाचं मैदान सर्वांचं, आणि गावाच्या नावाने उतरणारी टीम सर्वांची. सरपंचांनी विषय घेतला नाही, तर तरुणांनी अर्ज देऊन घ्यायला लावावा. येत्या ग्रामसभेला या, येताना टीममधला एक मित्र सोबत आणा, आणि हा ठराव मांडा.