जर्मनचा हंडा

गेल्या वैशाखांत एका आप्तांच्या निमित्तानें आमचें सुरगाण्यास जाणें झालें. नाशिक जिल्ह्याच्या टोंकाचा, गुजराथच्या डांगास लागून असलेला हा डोंगराळ मुलूख. १९४८ पर्यंत येथें देशमुखांचें लहानसें संस्थान होतें. पावसाळ्यांत पाऊस आवरत नाहीं, आणि उन्हाळ्यांत विहिरींचा तळ दिसतो. बाजारांत एक म्हातारी बाई अॅल्युमिनियमचा हंडा हातीं घेऊन पाहत होती. पेरानें वाजविला, मग एका हातानें उचलला, खालीं ठेवला, पुनः उचलला. शेजारीं प्लॅस्टिकचे हंडे याहूनहि स्वस्त होते, पण तिकडे तिनें पाहिलें नाहीं.

आमच्या घरीं या धातूस कधींच मान नव्हता. ‘जर्मनचें भांडें’ म्हटलें कीं आत्याबाई नाक मुरडीत. सोंवळ्याच्या स्वयंपाकास तें वर्ज्यच; एक पातेलें होतें, तें गाईचें आंबोण शिजविण्यापुरतें परसांत. चिंचेचें सार त्यांत ठेवूं नये हें त्यांचें म्हणणें मात्र शास्त्रास धरून होतें, कारण आंबटानें हा धातु झिजतो. (पितळेसहि तोच दोष, म्हणून तर कल्हई, पण हें आत्याबाईंपुढें कोण बोलणार?) नांवहि उसनेंच. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणजे तांबें, जस्त व निकेल यांचें मिश्रण. त्यांत चांदी नाहीं आणि अॅल्युमिनियमहि नाहीं.

वाचकांस नवल वाटेल, परंतु आत्याबाईंच्या पणजीच्या काळीं हाच धातु राजेरजवाड्यांच्या अपूर्वाईचा होता. पृथ्वीच्या कवचांत सर्व धातूंत विपुल हाच. पण प्राणवायूशीं त्याची मिठी इतकी घट्ट कीं ती सोडविणें भट्टीच्या कोळशास साधेना. १८२५ सालीं डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनीं त्याचा कण वेगळा केला. १८५४ पासून फ्रान्सचे देव्हिल सोडियमच्या साहाय्यानें तो काढूं लागले, तरी भाव फार चढाच राहिला. १८८४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मारकस्तंभावर शंभर औंसांचें अॅल्युमिनियमचें शिखर बसविलें, तेव्हां त्याची किंमत जवळजवळ चांदीइतकी होती.

दोनच वर्षांनीं, १८८६ सालीं, अमेरिकेंत हॉल आणि फ्रान्सांत एरू या दोघांस, एकमेकांची वार्ता नसतां, एकच युक्ति सुचली. दोघेहि १८६३ सालीं जन्मलेले, आणि योग असा कीं दोघेहि १९१४ सालीं वारले. हॉल याचे प्रयोग घरच्या लांकडांच्या खोपटांत चालत व त्याची बहीण ज्यूलिया त्यास मदत करी. युक्ति अशी : अॅल्युमिना स्वतः दोन हजार अंशांच्या वर वितळतो, परंतु क्रायोलाइट नांवाचें खनिज वितळवून त्यांत तो घातल्यास हजार अंशांच्या आंतच विरघळतो. मग त्यांतून वीज सोडली कीं धातु तळाशीं जमतो. १८८८ सालीं बायर यांनीं बॉक्साइटापासून शुद्ध अॅल्युमिना काढण्याची रीत दाखविली, आणि शतक संपतें न संपतें तोंच पौंडाचा भाव अर्ध्या डॉलरच्या खालीं आला.

आपल्याकडे मद्रासेस चॅटर्टन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भांड्यांचा धंदा सुरू केला, तो परदेशच्या पत्र्यावर. देशांत धातु प्रथम निघाला तो १९४३ सालीं केरळांत अलुपुरम् येथें. पुढें १९७० च्या सुमारास बेळगांवींहि कारखाना उभा राहिला, व कोल्हापूरच्या डोंगरांतील बॉक्साइट तेथें जाऊं लागला. स्वस्ताई फुकट आलेली नाहीं. एक किलो धातूस सुमारें चार किलो बॉक्साइट आणि चौदापंधरा युनिट वीज लागते. डोंगर पोखरले जातात, आणि मागें उरणाऱ्या तांबड्या चिखलाचें काय करावें हा प्रश्न जगांत कोणासहि नीट सुटलेला नाहीं.

तथापि त्या बाईस तो हंडा कशासाठीं हवा होता हें आम्हांस दुसऱ्या दिवशीं पहांटे कळलें. पाड्याखालच्या विहिरीवरून डोईवर दोन हंड्यांची उतरंड घेऊन बायका चढण चढत होत्या. तांबें पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, अॅल्युमिनियम पावणेतीनपट. चढणीवर एवढा फरक मानेस कळतो.

घरीं परतल्यावर माळ्यावरचा आत्याबाईंचा तांब्याचा हंडा काढून आम्हीं तोलला. रिकामा साडेचार किलो भरला. आडावरून तो भरून आणण्याचें काम चाळीस वर्षें त्यांचेंच होतें. मान दुखते काय, हें आम्हीं त्यांस कधीं विचारलें नव्हतें.